खंडेनवमीला धुतलेली चाकं

फिगर स्केटिंग म्हटलं की लोकांना बर्फ आठवतो. आमच्या विंझरला बर्फ दिसतो तो उन्हाळ्यात, गोळेवाल्याच्या गाडीवर. मी करायचे ते चाकांवरचं. बुटाखाली चार चाकं, आणि त्यांवर उड्या, गिरक्या, तोल. शाळेतल्या मॅडमनी शिकवलं. लग्नं नसली की मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर सराव चालायचा. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्याला 'गाडे पळवणं' म्हणत. दहावीच्या वर्षी त्यांनी फर्मानच काढलं, "यंदा राज्याच्या संघात आलीस तर बरं. न्हाईतर हे बास." आण्णांनी एकदा म्हटलं की तिथं आईचीही डाळ शिजत नसे.

निवड चाचणी पुण्यात होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. खंडेनवमीला आमच्याकडे शेतीची सगळी अवजारं धुऊन पूजेला मांडतात, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. त्या दिवशी बाहेरून आले तर कोयते, कुदळी आणि फवारणीच्या पंपाच्या ओळीत माझे स्केट्स! हळदीकुंकू लावलेले, वर झेंडूची फुलं. मला हसू आलं. बरंही वाटलं. बाकीच्या अवजारांसारखेच तेही धुतले असतील, हे डोक्यातच आलं नाही.

दसऱ्याला दुपारी सोनं वाटून आले, स्केट्स उचलले आणि एक चाक बोटानं फिरवलं. खर्र. दुसरंही तसंच. काही तर हलेचनात.

"आण्णा, ह्याला पाणी लावलं का तुमी?"

"मग? हौदात बुडवून ब्रशनं घासलं. लई माती व्हती."

चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरून गंज धरला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुमाला तर हे बंदच करायचं व्हतं ना! झालं आता मनासारखं!"

आण्णा उसळतील असं वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "तुजं हत्यार न्हाई व्हय ते? घरातली समदी हत्यारं पुजायची, आन् तेवढंच कोपऱ्यात ठिवायचं?"

मी नुसतीच रडले.

सणामुळे दुकानं बंद. आण्णांनी मोटारसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढलं आणि अंगणात पोतं अंथरलं. मी बेअरिंग काढून द्यायची, ते पेट्रोलमध्ये बुडवून, फुंकर मारून पुसायचे. आईनं शिलाई मशीनचं तेल आणून दिलं. दिवेलागणीपर्यंत बाकीची चाकं सुरळीत फिरू लागली. डाव्या पायाचं मागचं एक चाक मात्र अडखळतच राहिलं. आणि माझी शेवटची गिरकी नेमकी डाव्या पायावर.

पुण्यात चाचणी सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आत. मॅडम म्हणाल्या, "गिरकी सोपी करूया का?" मी नको म्हटलं. सोप्या गिरकीवर संघात कोण घेतंय? उड्या नीट झाल्या. गिरकीला ते चाक कुरकुरलं, पाय थरथरला, पण मी दात आवळून फिरतच राहिले. सरळ उभी राहिले तेव्हा टाळ्या ऐकू आल्या. थोड्या वेळानं निवडलेल्यांची नावं वाचली, त्यात माझं होतं. इतकं हलकं वाटलं की मॅडमच्या गळ्यातच पडले.

आण्णा आत आलेच नव्हते. बाहेर फाटकापाशी येरझाऱ्या घालत होते, आणि आई भाकरीचं गाठोडं घेऊन शेजारी बसली होती. मी स्केट्स हातात घेऊन अनवाणीच पळत गेले.

"आण्णा, निवड झाली!"

"ते ऱ्हाऊ दे. चाकं फिरली का?"

"फिरली."

"समदी?"

"समदी."

आण्णांनी तिथंच फुटपाथवर बसकण मारली. दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि आईला म्हणाले, "भाकरी काढ आता. कालच्या दुपारपासनं पोटात काय न्हाई."