ओल्या कापसाच्या घड्या

आई आमच्या फ्रीगंज बाजारातल्या कुठल्याही दुकानात कापड घेताना ते आधी दुकानाबाहेर उन्हात घेऊन जायची. आतल्या ट्यूबलाइटवर तिचा भरवसा नव्हता. भैरवगढची छापाची चादर असली तर विचारूच नका. लाल रंग खरा लाल आहे की विटकरी, यावर ती फुटपाथवर उभी राहून पाच-पाच मिनिटं घालवायची. दुकानदार ओळखीचे होते. ते म्हणायचे, "ले जाओ भाभीजी, सूरज आपका ही है." नाना, म्हणजे माझे वडील, पिशवी सांभाळत बाजूला उभे असायचे आणि मी शरमेनं दुसरीकडे बघायचो. आता ते ऊन, ती चादर, नानांची ती पिशवी सगळं आठवतं आणि शरमेचं कारण काही आठवत नाही.

नेत्रदानाचा फॉर्म दोघांनी एकाच दिवशी भरला होता. घरी आल्यावर आईनं मला समोर बसवून समजावलं. आपण गेल्यावर पापण्या मिटायच्या, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, खोलीतला पंखा बंद करायचा आणि लगेच नेत्रपेढीला फोन करायचा. "पंखा विसरशील तू," ती म्हणाली. "तुला उकडलेलं सहन होत नाही."

ती गेली मे महिन्यात, सकाळी. तासाभरात घर माणसांनी भरलं. सगळे घामानं निथळत होते आणि आमच्याकडे आलेल्या माणसाला, कारण काहीही असो, पंख्याखाली बसवायची पद्धत आहे. आत्यानं मला सांगितलं, आईच्या खोलीतला पंखा जोरात कर, लोकांना उकडतंय. मी केला. नेत्रदानाचं आत्याला पटणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून तिच्यासमोर फोन करायचा धीर होत नव्हता. तो केला तेव्हा दुपार होत आली होती.

दोन माणसं पेटी घेऊन आली. मी त्यांना आईच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. तिच्या पापण्या अर्धवट उघड्याच राहिल्या होत्या. कापूस मी ठेवलाच नव्हता. त्यातल्या वयस्कर माणसानं वाकून पाहिलं, मग वर पाहिलं. पंखा अजून फिरत होता.

"कॉर्निया सूख गया है, भैया," तो हळू आवाजात म्हणाला. "अब काम नहीं आएगा." जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

नाना मागच्या खोलीत बसले होते. पेटी घेऊन जाणारी माणसं त्यांनी खिडकीतून पाहिली होती. त्यांनी मला एवढंच विचारलं, "दिले ना रे?"

मी हो म्हणालो.

त्यानंतर नाना सहा वर्षं जगले. नेत्रपेढीकडून येणाऱ्या प्रमाणपत्राचं त्यांनी एकदा विचारलं, मी पोस्टावर ढकललं. संध्याकाळी ते टावर चौकात जाऊन बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायचे आणि परत येताना पावशेर शेव आणायचे. एकदा घरात शिरले तेच हसत. एक बाई साडी घेऊन दुकानाबाहेर उन्हात आली होती म्हणे, अगदी पदर वर धरून बघत होती. "मी विचारलं नाही काही," नाना म्हणाले, "पण बरं वाटलं बघ. ती अजून खरेदी करतेय." त्या दिवशी सांगायचं असं मी ठरवलं होतं. त्यांनी शेवेचा पुडा सोडून माझ्यापुढे धरला आणि मी शेव खाल्ली.

नाना गेले ते डिसेंबरात. पंखा बंदच होता, तरी मी स्टुलावर चढून त्याच्या पात्याला हात लावून पाहिला. पापण्या मिटल्या, कापूस भिजवला, आत्या समोर असताना फोन केला. तीच माणसं आली की दुसरी, मला सांगता येणार नाही. या वेळी त्यांनी सही घेतली आणि समय पर बुलाया आपने, असं म्हणाले. त्यांच्या मागे मी फाटकापर्यंत गेलो. पेटी स्कूटरवर पुढे ठेवलेली होती. स्कूटर वळेपर्यंत मी बघत राहिलो आणि नाना रोज चौकात कशासाठी जात होते ते मला तेव्हा कळलं.

मागच्या महिन्यात मी माझा फॉर्म भरला. मुलीला समोर बसवून सगळं समजावलं, पापण्या, कापूस, पंखा. लोकांना कितीही उकडलं तरी, असं मी दोनदा म्हणालो, तेव्हा तिनं विचारलं, असं का सांगताय? मग मी तिला सांगितलं. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"आजोबांना का नाही सांगितलंत, बाबा?"

"ते रोज संध्याकाळी खूश होऊन घरी यायचे," मी म्हणालो.

हे कारण पुरेसं आहे का, ते तिनं विचारलं नाही. उठून तिनं माझा फॉर्म कपाटात, नानांच्या प्रमाणपत्राशेजारी ठेवला. आईची जागा तिथे रिकामी आहे.