पहिला तास चुकणारी मुलं

आमची करी रोडची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा मी नववीत होते. ज्या घरांत दोघं कमावते होते त्यांनी जवळच भाड्याने खोल्या घेतल्या. आई आणि मी नवी इमारत होईपर्यंत मिळालेल्या लांबच्या ट्रान्झिट कॅम्पात गेलो. मी चार वर्षांची असताना वडील घर सोडून गेले होते; आई दादरला साड्यांच्या दुकानात फॉल-पिको करायची. कॅम्पात अशी एकट्या बायकांची घरं बरीच होती.

शाळा मात्र जुनीच ठेवली. दोन बस बदलून पोचेपर्यंत पहिला तास संपत आलेला असे. तो गणिताचा.

सहामाहीत मी गणितात नापास झाले. पालकसभेत मुख्याध्यापिकाबाई नापासांची यादी घेऊन उभ्या राहिल्या. हळहळत म्हणाल्या, यातल्या बहुतेकांच्या घरी आई एकटीच आहे, घरात दोघं नसली की अभ्यास मागे पडतोच. बाई मनाने वाईट नव्हत्या. गॅदरिंगला त्यांनी मला स्वतःची साडी नेसायला दिली होती. पण त्या दिवशी मला मान वर करवेना.

सभेत कधी न बोलणारी आई उठली. "बाई, यातली कॅम्पातून येणारी मुलं किती, तेवढं बघाल का?"

बाईंनी एकेका नावापुढे खूण केली. एक सोडून सगळी कॅम्पातली निघाली. त्यांत दोघांचे आईवडील दोघंही घरी होते. आणि वडील वारलेली माझी मैत्रीण, जी आईबरोबर मामाकडे लालबागला राहायला गेली होती, ती यादीत नव्हतीच.

बाईंनी यादी टेबलावर ठेवली. "हे मी विचारायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात गणित मधल्या सुट्टीनंतर गेलं. वार्षिक परीक्षेत आम्ही बहुतेक जण सुटलो. एकजण तरीही राहिलाच. त्याला गणित मुळातच नकोसं होतं.

सभेच्या दिवशी आईने अर्धी रजा टाकली होती. आम्ही लालबागपर्यंत चालत गेलो, चिवडा घेतला आणि पुडीतूनच खात हिंडलो. तुला हे सुचलं कसं, मी विचारलं.

"रोज सकाळी बसमध्ये तुला मीच बसवते ना," ती म्हणाली.

मग दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करत ती इतकी हसली, की मीही यादी विसरले. आता आम्ही नव्या इमारतीत सतराव्या मजल्यावर राहतो. तिच्याबरोबर तसं निरुद्देश चालणं पुन्हा फारसं झालं नाही.