‘पूरा’ या एका शब्दाची चौकशी

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. साधा तक्रार अर्ज होता, आणि तो एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून आला होता.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझं गाव मराठवाड्याच्या पार टोकाला. आठवीत शाळा सुटली. पोलीस खात्यानं पदरात घेतलं, भिवंडीनं पोटाला लावलं. दोघांचे उपकार आहेत. शिपायाचा सहायक उपनिरीक्षक झालो, पण ग्रंथालयात कधी पाय ठेवला नव्हता. त्यामुळे अर्ज दोनदा वाचला, तरी निम्माच कळला. भिवंडीतल्या एका विद्यार्थिनीच्या खात्यावरून हजारो शोधनिबंध उतरवून घेतले गेले, म्हणून ते पुरवणाऱ्या कंपनीनं अख्ख्या विद्यापीठाचं वाचन बंद केलं, असं त्यात होतं. साहेब म्हणाले, "बघा जरा, पोरगी ते निबंध विकते का काय." मी आवक क्रमांक टाकून घेतला आणि मान हलवली. शोधनिबंध म्हणजे नक्की काय, हे विचारायची लाज वाटली.

मुलगी भिवंडीजवळच्या दिघाशी गावची, शेतकऱ्याच्या घरातली. एम.ए. होऊन पुढच्या संशोधनाला नाव घातलेलं. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, आवाजानं कामगारांचे कान कसे जातात, हा विषय. नोटीस मिळताच वडिलांना घेऊन ठाण्यात हजर झाली. महिला शिपाई शेजारी बसवून मी जबाब घ्यायला लागलो.

"खातं तुझं?"

"हो."

"पासवर्ड कोणाला दिला?"

"कोणालाच न्हाय."

"मग निबंध काय भुतानं उतरवले?"

वडील मध्येच म्हणाले, "साहेब, दुसऱ्याचा कागद उचलायची न्हाय ती. घरात इचारा कोणालाबी."

तासभर हेच चाललं. खोटं बोलणारा माणूस उत्तर पटकन देतो आणि मग पाणी मागतो, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं होतं. "कोणालाच न्हाय" म्हणताना तिचा हात ग्लासकडं गेला होता. उठताना मात्र ती रडवेली झाली. "काका, महिनाअखेर माझा आराखडा द्यायचा हाय. त्याला ग्रंथालयाचा ना-हरकत दाखला लागतो, आन ते म्हणतात पोलिसांचा अहवाल आल्याबिगर देणार न्हाय. तारीख गेली तर माझं नाव रद्द."

"खरं कळू दे, दुसऱ्या दिवशी अहवाल देतो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी केबलचं नेट पुरवणारा एक जण भलत्याच कामानं ठाण्यात आला होता. बोलता बोलता म्हणाला, "निजामपुऱ्यात एका झेरॉक्सवाल्यानं आठवडाभर नेट असं ओढलं, साहेब, की सगळ्या गल्लीच्या शिव्या मी खाल्ल्या." तारखा अर्जाशी ताडून पाहिल्या. जुळल्या.

दुकान लूमच्या कारखान्याला चिकटून, त्यामुळे तिथं सगळेच ओरडून बोलत. दुकानदार चाचा स्वतः पूर्वी लूमवर होता. खिळ्याला एक वही लटकलेली आणि वहीत निम्म्या गल्लीचे पासवर्ड. "लाइट जाती है ना साहब. बच्चे कब तक बैठेंगे? लिख के जाते हैं, लाइट आई तो मैं निकाल के रखता हूँ."

मुलीचा विषय काढताच तो खुलला. "वो तो अपनी बच्ची है. पहले मैं एक-एक पन्ना निकालता था, तो गुस्सा हुई. बोली, चाचा, आधा नहीं, पूरा निकालो. तो पूरा निकाल दिया! हफ्ताभर मशीन चली. एक भी नहीं छोड़ा, साहब!"

शाबासकीच्या आशेनं तो माझ्याकडं बघत होता.

मुलीला परत बोलावून ती वही पुढं ठेवली, तर पांढरी पडली. चाचाचं वाक्य सांगितलं, तेव्हा कपाळाला हात लावून हसायलाच लागली. "अरे देवा! काका, निबंधाचं पहिलं पान सगळ्यांना दिसतं, चाचा तेवढंच छापायचे. मी पूरा म्हटलं ते त्या एका निबंधाचं. त्यांनी मासिकंच काढली, पहिल्या अंकापासून!"

लूमवर पूरा म्हणजे पूरा ताका, कापडाचा अख्खा तागा, शेवटच्या टोकापर्यंत. चाचानं ताका उतरवला होता.

"मग खोटं का बोललीस?"

"पासवर्ड कोणाला देणार न्हाय म्हणून ग्रंथालयात सही केलेली. आन चाचांना तुमी इथं आणून बसवलं असतं."

पंचनामा केला. एकही निबंध दुकानाबाहेर गेलेला नव्हता. ग्रंथालयालाही तिला ताकीद देण्यापलीकडं काही नको होतं. फक्त अहवाल लिहायचा राहिला, आणि तिथं मी चुकलो.

"सदर इसम सदर ठिकाणी" असले अहवाल मी डोळे मिटून लिहायचो. पण हा प्राध्यापक लोक वाचणार. लॉगिन लिहू की खातं? पूराचा घोळ कागदावर मांडू कसा? तीनदा लिहिला, तीनदा फाडला. ठाण्यातली पोरं कॉम्प्युटरवर बसलेली असायची, त्यांना विचारलं असतं तर दहा मिनिटांचं काम. पण आठवीवाल्याचं हसं होईल, ही धास्ती. मग बंदोबस्त लागला आणि मला आयतं कारण मिळालं. मुलगी दोनदा येऊन गेली. ठाणे अंमलदारानं "साहेब बंदोबस्तात आहेत" म्हणून परत पाठवली. दुसऱ्या वेळी मी आतल्या खोलीतच होतो. तिचा आवाज ऐकला आणि उठलो नाही.

महिना उलटल्यावर ग्रंथालयात फोन केला. तिथल्या बाईंनी न कंटाळता सगळं समजावलं. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. शेवटी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आत्ता बोललात तसंच लिहा ना. मुलीनं काही चोरलेलं नाही, एवढी ओळ आम्हाला पुरली असती."

अर्ध्या तासात अहवाल झाला. दाखला मिळाला, पण तारीख गेली होती. तिचं नाव रद्द झालं.

माझ्या निवृत्तीनंतर ती अंबाडी नाक्यावर भेटली. एका गोदामात माल नोंदवायच्या कामाला होती. "काका, वळखलंत का?" मी संशोधनाचं विचारलं. "परत परवेश परीक्षा, परत सगळं पहिल्यापासून. ऱ्हायलं ते." मग सोबतच्या मैत्रिणीला म्हणाली, "हेच ते काका. हे होते म्हणून माझं नाव साफ झालं. बाबा अजून यांचं नाव काढतात."

मी "बरं, जप" म्हणालो आणि रिक्षात बसलो.

समोरच्याला बोलतं कसं करायचं, हे खात्यानं मला शिकवलं. 'मला हे कळत नाही, सांगता का?' एवढं आपण होऊन म्हणायला मी शिकलो नाही, आणि त्यापायी शिकणाऱ्या पोरीचं शिक्षण सुटलं. हे तिला तोंडावर सांगायला हवं. दिघाशीतलं तिचं घर मला माहीत आहे. अजून गेलेलो नाही.