शिंपीकाकांची तोफ

फुटबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आधी शिंपीकाकांच्या दुकानात नुसता धुमाकूळ असे. कपडे शिवायला येणारी माणसं कमी आणि भविष्य सांगायला येणारी जास्त. दुकान कसलं, दोन शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि कपडे घालून बघायला पडदा लावलेला एक कोपरा. पण तेवढ्याशा जागेत दर वर्षी अख्खी टीम नव्याने उभी राहायची. कोण पुढे खेळणार, कोण मागे, कोणाला घरी बसवायचं, सगळं तिथे ठरायचं. फक्त कोचला ते कळवायची पद्धत नव्हती.

काका स्वतः कधी खेळले नव्हते. लहानपणी मोडलेला पाय नीट जुळला नाही आणि चालताना ते थोडे कलत. तरी गल्लीत त्यांचा शब्द खाली पडत नसे, कारण मैदानाच्या पूर्वेकडच्या गॅलरीतले सगळे झेंडे त्यांच्या हातचे होते आणि टीममध्ये येणाऱ्या नव्या खेळाडूंना नाव ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. नाव ठेवायचं, नावं ठेवायची नव्हे, ते काम बाकीची गॅलरी फुकटात करायची.

त्याची रीतच पडून गेली होती. सीझनच्या आधी क्लब आपल्याच खेळाडूंचे दोन संघ पाडून एक प्रॅक्टिस मॅच सगळ्यांना बघायला ठेवी. काका ती डोळ्यांत तेल घालून बघत, दुसऱ्या दिवशी दुकानात नाव जाहीर करत, आणि पहिल्या खऱ्या मॅचला ते नाव चित्रासकट कापडावर शिवून गॅलरीच्या कठड्यावर झळके. त्यानंतर त्या खेळाडूचं खरं नाव त्याच्या आईनं आणि क्लबच्या क्लार्कनं लक्षात ठेवलं तर ठेवलं.

त्या वर्षी नव्यांकडे सगळे जरा जास्तच आशेनं बघत होते. आदल्या वर्षी आघाडीच्या फळीनं असे दिवे लावले होते की समोरच्या गोलकीपरला उभ्या उभ्या झोप यायची. मागची फळी भिंतीसारखी, मधली फळी बरी, आणि पुढे सगळा आनंद. बरोबरी, पुन्हा बरोबरी, मध्येच एखादी हार. गल्लीतला बेकरीवाला म्हणायचा, "काका, आपल्या मैदानावरची ती दुसरी जाळी काढून मला द्या. पाव झाकायला होईल."

तर त्या वर्षी पुढे खेळणारे दोन नवे पोरगे आले. एक बुटका, चपळ, सारखा कोपऱ्यातून कुठेतरी पळणारा. दुसरा उंच, शिडशिडीत, मान खाली घालून बोलणारा. हा दुसरा शिंपीकाकांच्याच घरी राहायला आला. बाहेरगावच्या पोरांची सोय क्लब ओळखीच्या घरांत करत असे, आणि काकांची मुलगी लग्न होऊन गेल्यापासून दुकानामागच्या घरातली वरची खोली रिकामीच होती. पहिल्या दिवशी पोरगा दारात बॅग घेऊन उभा राहिला, आपलं नाव सांगितलं, क्लबनं पाठवलंय म्हणाला. काका त्याच्या पायांकडे बघत होते. काय लांब पाय! पॅन्ट घोट्याच्या वर संपलेली. काकांनी त्याला आधी आत घेतलं, मग पाणी दिलं आणि लगेच गळ्यातली टेप काढून माप घेतलं.

"अहो, त्याला बसू तरी द्या," काकू म्हणाल्या.

"बसला की लांबी चुकते," काका म्हणाले.

चार दिवसांत नवी पॅन्ट तयार झाली. काकूंना पोरगा आवडला. ताट स्वतः उचलून ठेवायचा, जिन्यावरून वाजत उतरायचा नाही. काकांनाही आवडला, पण काकांचं आवडणं सगळं शनिवारच्या मॅचकडे डोळे लावून बसलेलं होतं.

आणि शनिवारी प्रॅक्टिस मॅचमध्ये तो गोल झाला. पोरग्याला बॉल मिळाला तेव्हा तो गोलपासून इतका लांब होता की लोक चहाच्या कपात बघत होते. त्यानं मान वर केली, पाय फिरवला, बॉल उंच गेला, हवेत वळला आणि गोलकीपरच्या डोक्यावरून सरळ जाळीत. क्षणभर कोणी ओरडलंच नाही. मग असे ओरडले की बेकरीवाल्याचा घसा दोन दिवस बसला. वर्षभर गोलाविना उपाशी राहिलेली माणसं ती. त्यांनी पोराला तिथल्या तिथे डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी चष्मा पुसला, सगळ्यांना थोडं ताटकळत ठेवलं आणि म्हणाले, "तोफ."

बस्स. बारसं झालं. गल्लीच्या टोकापर्यंत आरोळी गेली. मागून कोणीतरी आठवण केली, "आणि तो बुटका?"

"तो? उंदीर," काका हसून म्हणाले. सगळे हसले आणि बुटक्याचा विषय संपला.

गर्दी पांगल्यावर काकांनी लाल कापड टेबलावर पसरलं, खडूनं तोफ काढली आणि कात्री चालवली. दुपारी पोरगा खाली आला. टेबलाशी उभा राहून बराच वेळ कापडाकडे बघत राहिला.

"काका, हे तोफ वगैरे नको ना."

"का रे? आवडलं नाही?"

"तसं नाही. तो गोल मी मारलाच नव्हता. मी पास देत होतो. तो बुटका पलीकडून पळत होता ना, त्याला द्यायचा होता. बॉल जास्त वळला."

काकांनी सुई तोंडातून काढली. "बघितलंस का," ते आतल्या काकूंना म्हणाले, "किती साधं पोर आहे! दुसरा असता तर छाती पुढे काढून फिरला असता."

"काका, खरंच सांगतो. मी लांबून मारत नाही कधी. मला पास देता येतो. तेवढंच येतं मला नीट."

"अरे, कापड बेतून झालंय आता," काका म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "कात्री लागली ती लागली. तू फक्त खेळ."

पोरगा वर निघून गेला.

कापडाचं निमित्त होतं, हे काकांना तेव्हाही कळत होतं. लाल तुकडे दुसरीकडे कुठेही लागले असते. तीस वर्षं कापडात घालवलेल्या माणसाला ते काय सांगायचं? खरं एवढंच की काकांना तोफ हवी होती. गल्लीला हवी होती. पोरगा सांगत होता ते खरं आहे असं आतून कुठेतरी वाटलंही होतं, आणि त्या वाटण्यावर काकांनी दुसरा लाल तुकडा ठेवून टीप मारली.

पहिल्या मॅचला झेंडा कठड्यावर लागला. काळी चाकं, लाल तोफ, तोंडातून पिवळा धूर. सुंदर काम होतं, त्यात शंका नाही. पोराच्या पायात बॉल आला की अख्खी गॅलरी एका सुरात ओरडे, "डाग!" पहिल्यांदा त्यानं मारला तो बॉल वरच्या बारला लागून परत आला आणि लोक वेडे झाले. झालं! मग काय, बॉल आला की "डाग!" पाठ गोलकडे असो, समोर तीन माणसं असोत, "डाग!" पोरगा डागत गेला. बॉल कधी बारवरून, कधी कोपऱ्यातल्या झेंड्याबाहेर, एकदा तर मैदानाच्या भिंतीपलीकडे रस्त्यावर. आणि प्रत्येक वेळी डाव्या बाजूला बुटका मोकळा उभा असे, हात वर करून.

घरी पोरगा जेवताना ताटातलं इकडचं तिकडे करू लागला. काकू म्हणाल्या, "अहो, हा नीट जेवत नाहीये."

"एक गोल होऊ दे, मग बघ कसा जेवतो."

एका संध्याकाळी पोरगा दुकानात येऊन बसला. काका काजं करत होते. तो आपणच म्हणाला, "बॉल आला की मला आधी बुटकाच दिसतो, काका. मोकळा. मी पाय फिरवतो, तेवढ्यात तो आवाज येतो. मग काही कळत नाही."

काकांचा हात थांबला. "मी बोलतो सगळ्यांशी," ते म्हणाले. आणि त्यांना बोलायचंही होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात सगळे जमले तेव्हा त्यांनी घसा साफही केला. पण बेकरीवाला नेमका म्हणत होता, "थोडा दम धरा. काकांनी नाव ठेवलंय म्हणजे उगाच ठेवलेलं नाही. काकांचा डोळा आहे." काकांनी मान खाली घालून मशीनचं चाक फिरवलं. आता काय सांगायचं होतं? की पोरानं आपल्याला आधीच सांगितलं होतं? मग लोक पुढचं विचारणार, तरी झेंडा का शिवलात? पुढच्या आठवड्यात बोलू, काका मनाशी म्हणाले, आणि पुढचा आठवडाही तसाच गेला.

ज्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, त्यांनीच मग खालून दगड मारायला सुरुवात केली. "डाग" जाऊन "फुसकी" आलं. पोराला बॉल मिळाला की गॅलरीतून तोंडानं फुस्स आवाज निघे आणि हशा पिके. कोचनं त्याला बेंचवर बसवलं. बुटका मात्र चमकू लागला. उंदराकडून कोणी काही मागितलंच नव्हतं, म्हणून तो निवांत खेळत होता आणि गोल करत होता. बेकरीवाला एक दिवस येऊन म्हणाला, "काका, झेंड्यावर तोफेचं तोंड जरा खाली वाकवून द्या ना. मजा येईल." काकांनी त्याला इतकं झापलं की तो आठवडाभर दुकानासमोरून खाली मान घालून जात होता. पण राग कोणावरचा होता आणि निघाला कोणावर, ते काकांना ठाऊक होतं.

सीझन अर्ध्यावर असतानाच क्लबनं पोराला मोकळं केलं. त्यानं बॅग भरली आणि जायच्या आधी ती पॅन्ट घेऊन दुकानात आला. "काका, कमरेत सैल होतेय. घेता येईल का आत?"

काकांनी टेप लावली. माप त्यांच्या डोक्यात होतं, पहिल्या दिवसाचं. टेप त्या खुणेच्या बरीच अलीकडे थांबली. काका टेप तशीच धरून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी उगाच खडू शोधला.

"त्या दिवशी तू सांगत होतास," ते म्हणाले. "मी ऐकायला हवं होतं."

"जाऊ द्या ना, काका."

"मी गॅलरीला सांगायला हवं होतं."

पोरगा हसला. चांगला हसला, टोचून नाही. "पॅन्ट होईल ना आजच? बस संध्याकाळची आहे," तो म्हणाला. काकांनी सगळं काम बाजूला सारून पॅन्ट करून दिली. काकूंनी वाटेत खायला काहीबाही बांधून दिलं आणि त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेल्या. काका दुकानाच्या पायरीवरूनच बघत राहिले.

पुढच्या वर्षी नवे पोरगे आले. लोक काकांकडे नाव मागायला आले तर काका म्हणाले, "मी शिलाई करून देईन. नाव तुमचं तुम्ही बघा." लोकांना वाटलं, म्हातारा रुसला. मग बेकरीवाल्यानंच नावं ठेवायला घेतली आणि कुणाचं काही अडलं नाही.

त्याच सीझनमध्ये एक लहानशी टीम आपल्या मैदानावर खेळायला आली. गुणतक्त्यात खालच्या जागेवरची टीम. गॅलरीनं तिच्याकडे नीट बघितलंही नाही. काका नेहमीच्या जागी बसले होते. मैदानाच्या मधोमध एक उंच पोरगा मान वर करून उभा होता, आणि ती मान काकांनी ओळखली. त्याला बॉल मिळाला. त्यानं पाय फिरवला. बॉल उंच गेला, हवेत वळला आणि पलीकडून पळणाऱ्या त्याच्या जोडीदाराच्या पुढ्यात, अगदी हातानं ठेवावा तसा, उतरला. गोल. थोड्या वेळानं पुन्हा तेच, दुसऱ्या बाजूनं. आपली टीम हरत होती, गॅलरी शिव्या घालत होती, आणि काका मात्र कठडा धरून उभे राहिले होते. प्रॅक्टिस मॅचमधला तोच पाय, तोच बॉल, तेच वळण. कोणी मध्ये ओरडत नव्हतं, एवढाच फरक.

मॅच संपली. पोरगा गॅलरीच्या खालून चालत निघाला. काकांना त्याला हाक मारायची होती. शाबास म्हणायचं होतं, वर बघ म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि एकच शब्द जिभेवर आला, त्यांनीच ठेवलेलं नाव. तो शब्द त्यांनी गिळला. दुसरा आलाच नाही. पोरगा चालत खेळाडूंच्या आत जायच्या बोगद्यापाशी पोचला, आत गेला, आणि काका कठड्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

घरी येऊन ते बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"अगं, तो वर राहायचा ना पोरगा. आज खेळला इथे. काय सुंदर खेळला. त्याचं नाव काय होतं गं?"

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी नाव सांगितलं. साधंच नाव होतं, कुठल्याही घरात असावं असं.

"पहिल्या दिवशी दारात उभं राहून सांगितलं होतं की त्यानं," काकू म्हणाल्या. "तुम्हालाच सांगितलं होतं."