श्रीपादरावांची बातमी श्रीपादरावांनाच

चहा होऊ द्या आधी. माझ्या तोंडामुळं माझी किती ठिकाणी फजिती झाली ते तुम्हाला माहीतच आहे. पण ही एक गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. आज तुम्हीच विचारलंत, "मास्तर, तुम्हाला आयुष्यात कधी कुणी मोठा माणूस भेटला का?" म्हणून सांगतो. भेटला. दोन दिवस एका बैलगाडीत आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. आणि त्या दोन दिवसांत मी जे करून ठेवलं, ते शत्रूनंसुद्धा ठरवून केलं नसतं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. जोयड्याच्या शाळेत मी एकटाच मास्तर. भोवती सगळं रान, आणि मला नाटकाचं वेड. आता रानात नाटक कुठलं? म्हणून सुट्टी लागली की मी बेळगाव गाठायचो. त्या दिवाळीत मी ओळीनं तीन नाटकं पाहिली, शाळेसाठी पाट्यांचं एक गाठोडं घेतलं आणि आगगाडीनं कॅसलरॉकला उतरलो.

स्टेशनाबाहेर जानू गावड्याची गाडी उभी होती. नेहमीचाच गाडीवान. पण गाडीत आधीच एक गृहस्थ बसले होते. चाळिशी उलटलेले, दाढी वाढलेली, अंगात काळा कोट आणि भर उन्हात गळ्याला लोकरीचा गळपट्टा.

जानू मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, ह्यांस्नी गुंदला जायाचं हाय, येळीपाकडं. नरड्याचं दुखणं हाय. बोलाय येत न्हाई त्यांस्नी."

गुंदचा पुतू वेळीप झाडपाल्याचं औषध द्यायचा. लांबलांबची माणसं त्याच्याकडं यायची, तेव्हा त्यात मला नवल वाटलं नाही. गृहस्थ निपाणीकडचे तंबाखूचे व्यापारी असावेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तंबाखूनं घसा गेला असणार. का ठरवलं म्हणाल, तर मला तशी सवयच होती.

आणि खरं सांगू? मला आनंद झाला. दिवसभराची वाट, आणि समोर बोलता न येणारा माणूस. एरवी माझं बोलणं सुरू झालं की लोकांना झोप यायची, नाहीतर काम आठवायचं. हे कुठं जाणार होते?

अगदीच मुके नव्हते ते. फार नड असली तर एखादा शब्द घोगऱ्या आवाजात काढायचे, पण त्यानं इतका त्रास व्हायचा की डोळ्यांत पाणी यायचं. एरवी मान हलवणं आणि हातानं खुणा.

गाडी रानात शिरली तशी मी सुरुवात केली. बेळगावहून येतोय, नाटकं पाहून येतोय. कुठली कंपनी ते सांगितलं. त्याबरोबर ते सावरून बसले. मला वाटलं, वा, व्यापारी असला तरी रसिक आहे.

मग मी विचारलं, श्रीपादराव मुरगोडकरांना कधी पाहिलंय का? तुम्ही तरुण मंडळी, तुम्हाला हे नाव ठाऊक नसणार. त्या वेळी धारवाडपासून कोल्हापुरापर्यंत स्त्री-भूमिका म्हटलं की श्रीपादरावच. राणीच्या वेषात ते रंगभूमीवर आले की प्रेक्षकांतल्या बायका आपले पदर सारखे करायच्या. मी त्यांना दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा अगदी शेवटी, जमिनीवर बसून. तिथून त्यांचा चेहरा सुपारीएवढा दिसायचा. तोही रंगवलेला.

पण गाडीत मी काय सांगितलं? श्रीपादराव माझे चांगल्या ओळखीचे. रंगपटात बोलावून नेलं होतं मला. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं होतं, मास्तर, तिसरा अंक कसा वाटला? मग आम्ही चहा घेतला.

गृहस्थांचे ओठ जरा हलले. मला वाटलं, घसा दुखला असेल.

इथंच थांबलो असतो तर आज ही गोष्ट सांगताना आपण सगळे हसलो असतो. पण थांबण्याचं मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी म्हणालो, "पण आता संपले हो श्रीपादराव. मोठं दुखणं झालंय म्हणतात. परत काही उभे राहत नाहीत."

 त्यांनी गळपट्ट्यावर हात धरून, मोठ्या कष्टानं विचारलं, "कंपनी बंद ना?"

मी हसलो. हो, चक्क हसलो. बंद कशाला होईल? कालच तर नाटक पाहिलं. श्रीपादरावांच्या जागी नवा नट घेतलाय, विशीतला. त्यांचंच राणीचं काम करतो. नाट्यगृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

त्यांनी एक बोट वर केलं, मग दुसरं. काय विचारतात ते मला लगेच कळलं. नाटकवेडाच मी! म्हणालो, एक-दोन नाही, तीन वेळा वन्स मोअर झाला.

पुढं मी त्या नटाचं काम सविस्तर सांगितलं. तिसऱ्या अंकात राणी रानात एकटी पडते. तिथं श्रीपादराव मोठ्यानं रडायचे, जमिनीवर अंग टाकायचे. हा पोरगा रडतच नाही. दगडावर बसतो आणि नुसती पदराची घडी घालत राहतो. एक घडी, उलगडायची, पुन्हा घालायची. लोक हुंदके देत होते. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला होता, श्रीपादरावांनी दोन वर्षं आधीच बाजूला व्हायला हवं होतं. तेही मी सांगितलं. आणि माझंही तेच मत आहे, असं वर जोडलं.

गृहस्थांनी तोंड बाहेर वळवलं. गाडीचे हिसके बसत असतील म्हणून मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला, तो अर्धा नाकातून बाहेर आला. मी त्यांची पाठ चोळली, आणि पाठ चोळता चोळता तिसऱ्या अंकातलं पद म्हणून दाखवलं.

पुढून जानूचा आवाज आला, "मास्तर, बैल बिचकत्यात."

त्या दिवशी ते जोयड्याला माझ्याच खोलीवर उतरले. दुसऱ्या दिवशी रविवार. मला गुंदला जायचं काहीच कारण नव्हतं. पण माझं सांगून कुठं झालं होतं? पहिल्या दोन नाटकांबद्दल मी अजून एक अक्षर काढलं नव्हतं. गेलो बरोबर. त्यांना बरं पडावं म्हणून नव्या पाट्यांतली एक पाटी आणि पेन्सील त्यांच्या मांडीवर ठेवली. दिवसभर ती तशीच कोरी राहिली. ते एकदाही माझ्याकडं वळले नाहीत. मी मात्र अखंड बोलत होतो.

गुंदला वेळीपाचं घर भाताच्या खाचरांच्या कडेला होतं. वेळीप म्हणजे वाळलेल्या अंगाचा, हळू बोलणारा म्हातारा. त्यानं पाहुण्यांना अंगणात उन्हाकडं तोंड करून बसवलं, आ करायला लावला आणि किती तरी वेळ घशात बघत राहिला. मग त्यानं नाव-गाव विचारलं. मुळी उपटताना आजाऱ्याचं नाव घ्यावं लागतं, म्हणाला.

मी लगबगीनं पाटी पुढं केली. गृहस्थांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि लिहिलं.

वेळीपाला वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, "वाचा मास्तर."

मी वर्गात वाचतो तसं खणखणीत वाचायला लागलो. "श्रीपादराव मुर..." आणि तिथं माझी जीभ अडकली. आयुष्यात पहिल्यांदा.

"फुडं?" वेळीपानं विचारलं.

मला पुढचं वाचता येईना.  कालच्या सकाळपासून मी बोललेलं एकेक वाक्य माझ्या कानात परत येत होतं.

जानू गाडीतून ट्रंक उतरवत होता. त्यानं थांबून विचारलं, "मास्तर, ह्ये तुमच्या वळखीचं न्हवं का? काल म्हनत हुता, संगं चा पिलाव."

त्यात टोमणा नव्हता हो. त्या माणसानं अगदी सरळ मनानं विचारलं होतं. श्रीपादरावांनी डोळे मिटून घेतले.

नंतर वेळीपानं मला गोठ्यामागं नेलं आणि सांगितलं, "ह्ये माझ्या हातचं न्हाई. पाला देतो, दुख कमी हुईल. लई दिस न्हाईत." हे त्यांना कसं सांगायचं, या विचारात मी परत आलो, तर त्यांनीच पाटी पुढं केली. लिहिलं होतं, "इथंच राहतो. चालेल का विचारा." वेळीपानं आपली पडवी त्यांना दिली.

पुढचा आठवडा माझा कसा गेला विचारू नका. रविवारी मी पायी गुंदला गेलो. वाटेत सगळं पाठ केलं होतं. पाया पडलो आणि म्हणालो, त्या नटाचं मी सांगितलं ते खोटं. काम अगदी सुमार होतं. वन्स मोअर देणारे कंपनीचेच लोक होते. शेजारचा माणूस तर दारू प्यालेला होता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग लिहिलं, "पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी कोण हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणजे तेच खरं."

 त्यांनी बाहीनं पाटी पुसून पुन्हा लिहिलं, "घडी डाव्या हातानं घालतो की उजव्या?"

"डाव्या," मी म्हणालो.

त्यांनी गळपट्ट्याचं टोक सोडवलं, पडवीच्या पायरीवर जरा तिरके बसले आणि डाव्या हातानं त्याची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. समोर गाय रवंथ करत होती, बाजूला भात वाळत पडलं होतं, आणि त्यात दाढी वाढलेला, हाडांचा सापळा झालेला तो माणूस. पण मला दिसली ती राणी.  त्यानंतर मी तीस वर्षं नाटकं पाहिली, तसं पुन्हा कधी पाहिलं नाही.

"असं?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"असंच," मी म्हणालो.

त्यांनी पाटीवर लिहिलं, "चांगलं आहे." मग माझ्याकडं पाठ करून ते भिंतीकडं तोंड करून बसले. मी निघेपर्यंत तसेच.

तरी मी दर रविवारी जात राहिलो. ते काही विचारायचे नाहीत आणि मी, विश्वास ठेवा, फारसं बोलायचो नाही. त्यांचा थोरला भाऊ विनायकराव, तोच कंपनी चालवत होता. त्याला पत्र घालू का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी लिहिलं, "प्रकृतीचं कळवा. कंपनीचं मला कळलं हे मात्र त्याला कळू देऊ नका. मनाला लावून घेईल."

पाचव्या रविवारी मी पोचलो तेव्हा वेळीपाच्या अंगणात माणसं गप्प उभी होती. पहाटेच गेले, म्हणाले. भावाला तार करायची तर कॅसलरॉक गाठायला हवं. जानूनं लगेच गाडी जुंपली, पण भाऊ येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. गावातल्या चौघांनी खांदा दिला. अग्नी मी दिला. ज्यांच्या ओळखीच्या बढाया मारल्या, त्यांचं त्या रानात माझ्याशिवाय जवळचं दुसरं कुणी नव्हतं.

विनायकराव जानूच्याच गाडीनं अस्थी न्यायला आले. अंगानं स्थूल, डोळे सुजलेले. वेळीपाच्या पायावर डोकं ठेवून ते रडले. मग मला पडवीच्या कोपऱ्यात घेऊन गेले.

म्हणाले, "मास्तर, एकच विचारायचं आहे. कंपनी सुरू आहे हे त्याला कळलं नव्हतं ना?"



ते सांगू लागले. चाळीस माणसांची पोटं कंपनीवर, बंद ठेवणं शक्यच नव्हतं. पण श्रीपादला शब्द दिला होता की तू बरा होऊन येईपर्यंत पडदा वर जाणार नाही. घरच्यांना शपथा घातल्या, वर्तमानपत्र त्याच्या हाती लागू दिलं नाही. "बेळगावात किती दिवस लपणार? म्हणून तर एवढ्या लांब रानात पाठवला," ते म्हणाले. "म्हटलं, इथं त्याला सांगायला कोण येणार?"

मी म्हणालो, "नाही. त्यांना काही ठाऊक नव्हतं."

विनायकरावांनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही फार कमी बोलता, मास्तर. शेवटी त्याच्याजवळ असाच माणूस होता, हे फार बरं झालं."

अंगणात जानू बैल जुंपत होता. त्याच्या हातातून जू सुटलं.

विनायकरावांना पोचवायला मी कॅसलरॉकपर्यंत गेलो. अस्थी त्यांच्या मांडीवर होत्या. सबंध वाटेत मी एक शब्द काढला नाही. जानूनं दोनदा मागं वळून पाहिलं, मास्तर गाडीत हायत न्हवं म्हणून.