राजूरची सहा फुटी पेटी

राजूरला सुट्टी घालवायला कोणी जात नाही. वणीच्या शेजारच्या या गावात कोळसा आहे, कोळशाची धूळ आहे आणि माझी एस्तेरमावशी आहे. यांतलं सगळ्यात लवकर पेट घेणारं काय, ते घरच्यांना ठाऊक आहे.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "शनिवारी तुह्या मावसाजीले हलवून राह्यले. येतं का?"

मावसाजींना जाऊन वीसेक वर्षं झाली. ते तिथल्याच ख्रिस्ती कब्रस्तानात होते. उघडी खाण सरकत सरकत त्या कुंपणाशी आली. खाणवाल्यांनी नाल्यापलीकडे नवी जागा दिली आणि शनिवारपर्यंत मुदत. त्यानंतर जुन्या जमिनीत जे उरेल ते मशीनच्या फावड्यात.

जाणाऱ्यांसाठी माहिती : नागपूरहून वरोऱ्यापर्यंत रस्ता तूप आहे. तिथून वणीकडे वळलात की काचा वर करा. पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि मधल्या हवेत दोन्हींतला माल. पांढरा शर्ट घालून निघालो होतो. वणीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा भजेवाल्याने मला खाणीतलाच समजून रस्सा जास्त वाढला. स्वस्त, झणझणीत, आणि दुसऱ्या प्लेटचा मोह टाळा. पुढे ऑटोत अर्धा तास खड्डे आहेत.

मावशीच्या अंगणात सागवानी पेटी आडवी पडली होती. पूर्ण सहा फूट.

"मावशी, वीस वर्षांनी माणसाचं किती उरतं?"

"माणूस आहे तो, बिस्किटाचा पुडा नाई," ती म्हणाली आणि पायानेच एक कोपरा दाखवला. तिथे खाणीने दिलेली पत्र्याची पेटी होती, दोन फुटांची. "हे आणून देल्ली त्यायनं. मी त्यात कांदेबी ठेवणार नाई."

मी देवाधर्मातला नाही. नाताळचा केक खाण्यापुरता ख्रिस्ती आहे. पण आमच्यात पुरताना पाय पूर्वेकडे ठेवतात, हे मलाही माहीत आहे. शेवटच्या दिवशी हाक येईल, मेलेले उठून बसतील आणि तोंड उगवतीकडे असेल, एवढा त्याचा अर्थ. मावसाजींना त्याचं जास्तच अप्रूप. आयुष्यभर खाणीत पंप चालवला, उजाडायच्या आत खाली उतरले. "मेल्यावर तरी पहिलं ऊन तोंडावर घेईन," म्हणायचे.

शनिवारी सकाळी जुनी कबर उघडली. चर्चचे पाळकसाहेब कुरकुरत होते, "आजच्या दिवशी प्रभू कबरेत होता, आणि आपण कबरी रिकाम्या करतोय." पलीकडे सुरुंगाचा भोंगा वाजला. फावडी थांबली. जमीन हादरली, मावशीने माझं मनगट धरलं.

"काहीच नसन तं?" ती पुटपुटली. मी तिला पहिल्यांदाच घाबरलेली पाहत होतो.

होतं. फार नव्हतं, पण होतं. तिने ते स्वतः पांढऱ्या कापडात गुंडाळलं, कोणाला हात लावू दिला नाही. सहा फुटांच्या पेटीत ते गाठोडं ठेवल्यावर मी दुसरीकडे पाहिलं. रेल्वेच्या रिकाम्या डब्यात एकटाच प्रवासी बसावा तसं दिसत होतं.

टेम्पो नाल्यापलीकडे गेला. नव्या जागेत खड्डे तयार होते. सरळ, चौकोनी, कडा घासूनपुसून. मावशी काठावर उभी राहिली, तिने सूर्य पाहिला, खड्डा पाहिला.

"हे कोणं खोदलं?"

"मी, मौसी." फिरोजभाई, खुदाईचे मुकादम, पुढे आले. साठीचे, दाढीवर धूळ. "माह्या वालिदची कबर खोदली तशीच खोदली. एक खडा ठेवला नाई आत."

म्हणूनच तर. त्यांच्यात कबर उत्तर-दक्षिण असते. त्यांनी जीव ओतून, मायेनं, सगळं ख्रिस्ती कब्रस्तान उत्तर-दक्षिण खोदलं होतं.

मावशीने उगवतीकडे बोट केलं. चूक कळताच फिरोजभाईंचा चेहरा उतरला. "तौबा. आडवा खोदून देतो. पण..." त्यांनी बाजूला पाहिलं. एका अंगाला सकाळीच बुजवलेली कबर. दुसऱ्या अंगाला चुन्याची रेघ मारलेली मोकळी जागा, मावशीची स्वतःची. "आडवा घेतला तं तुमची जागा जाईन, मौसी."

"एस्तेरबाई," पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं, "देवाला दिशा लागत नाही."

"मंग दर ईस्टरले आमाले पूर्वेकडं तोंड करून उभं काहून करता? वारा येते म्हणून?"

मागे दुसऱ्या कुटुंबाचा टेम्पो येऊन थांबला, त्याने हॉर्न दिला. मावशी पेटीवर बसली. नवरा चुकीच्या दिशेला, की तो एकटा आणि आपण कुठेतरी लांब? ऊन चढत होतं. कोणी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार होतो. नशिबाने सुचलं नाही.

मग ती उठली. "ते पत्र्याची आण."

"मावशी, नक्की?"

"आण म्हणलं ना! त्याले आता लांबी कायले लागते? उठीन तवा देव देईन लांबी."

ती पेटी अंगणातून आणेपर्यंत मागचा टेम्पोवाला तीनदा उतरून चढला. मावशीने गाठोडं तिच्यात ठेवलं, आणि दोन फुटांची पेटी खड्ड्याच्या रुंदीत आरामात आडवी, पूर्व-पश्चिम बसली. पूर्वेची बाजू फिरोजभाईंनी खाली उतरून स्वतः साधली.

"अन् तुमचं, मौसी?" त्यांनी विचारलं. "तुमची तं पूर्ण लांबीची राहीन. उत्तर-दक्षिण."

"मी मान वळवीन. हाक आल्यावर कोणी सरळ बसते का?"

रविवारी पहाटेची प्रार्थना नव्या जागेत झाली. सूर्य कोळशाच्या ढिगाऱ्याआडून आला, तांबडा आणि मळका. मावशी पहिल्या ओळीत होती. 'तो उठला आहे' म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज तिचा. मी ओठ हलवले.

निघताना तिने पिशवी हातात दिली. तूर. टेम्पोतून परत आलेली सागवानी पेटी आता घरात, भिंतीशी, तुरीने तोंडोतोंड भरलेली.

"एवढं सागवान रिकामं ठेवू का? मले लागन तवा ओतून घ्या."

नागपूरला येऊन शर्ट दोनदा धुतला, कोळसा गेला नाही. मरणानंतर काही आहे यावर माझा विश्वास बसलाय असं म्हणणार नाही. तेवढ्यासाठी राजूरला जाऊही नका. पण आपल्या शवपेटीत वर्षभराचं वरण साठवून निवांत झोपणारी बाई मी पाहून आलोय. त्या तुरीचं वरण काल केलं. मावशीच्या घरचं, म्हणून जरा जास्तच लवकर शिजलं.