शेवटचा नंबर आत्याचा

आमच्या आत्याने आयुष्यात जितक्या शर्यतींत भाग घेतला तितक्यांत एखाद्या घोड्यानेही घेतला नसेल. घोड्याला निदान कुणीतरी टाच मारतं. आत्या आपल्या पायांनी जाऊन नाव द्यायची. लिंबू-चमचा झाली, पोत्यात पाय घालून उड्या झाल्या, तीन पायांची झाली, उलटं चालायची झाली. नवी उंच इमारत बांधून झाली आणि मालकाने हौसेने जिने चढायची शर्यत ठेवली, तर तिथेही पहिलं नाव आत्याचं. एकदा तर पोहण्याच्या शर्यतीत उतरली. पोहता येत नव्हतं, म्हणून काठाला धरून गळ्याएवढ्या पाण्यातून चालत गेली आणि पलीकडच्या टोकाला बाहेर आली, तेव्हा बाकीच्या बायका कपडे बदलून वेण्या घालत होत्या.

या सगळ्या शर्यतींत आत्याचा नंबर कधी चुकला नाही. शेवटचा. पंचांना केवढी सोय! निकालाच्या कागदावर तळाचं नाव ते आदल्या दिवशीच लिहून ठेवत.

"तुमची आत्या जरा जडच आहे, नाही?" लोक मला विचारत. मी मान डोलवायचो. मलाही तसंच वाटत होतं, ते कवळी प्रकरण होईपर्यंत.

आत्या लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती. बोळाच्या तोंडाशी दुकान, पुढे काउंटर, मागे वाफेने कोंदलेली खोली, वर दांडीला हँगरवर लटकलेले शर्ट. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कपड्याचे खिसे ती आधी उलटे करून बघायची. त्या दिवशी एका आजोबांच्या पँटच्या खिशातून कवळी निघाली, आणि आजोबा तर स्कूटरला किक मारून निघालेसुद्धा! मी काउंटरवर टेकून उभा होतो. आत्याने इस्त्री उभी केली, कवळी रुमालात गुंडाळली, आणि नंतर मला दिसली ती फक्त तिच्या चपलेची टाच. भाजीच्या गाड्यांमधून, शाळेच्या रांगेला वळसा घालून, एका कुत्र्याला मागे टाकून ती चौकातल्या सिग्नलला स्कूटरच्या पुढे जाऊन उभी राहिली. तो कुत्रा बराच वेळ खाली मान घालून बसला होता.

परत आली तेव्हा तिला धापसुद्धा लागली नव्हती.

"आत्या, तू धावतेस?"

"मग काय, उडते?"

"अगं, मग शर्यतीत कुठे जातं हे धावणं?"

तिने कॉलरवर पाण्याचा हबका मारला. "हे बघ, शर्यत म्हटली की कुणीतरी शेवटचं येणारच. ते काही टळत नाही. मग ज्याला सवय आहे त्याने यावं. नव्या माणसाला कशाला उगीच त्रास?"

यामागे लहानपणीची एखादी करुण कहाणी असेल म्हणून मी पुष्कळ खणून पाहिलं. काही निघालं नाही. तिचं लहानपण सुखात गेलं होतं. तिला रांगेच्या टोकाला एकटं पडलेलं माणूस बघवत नव्हतं, एवढंच. मैदानात उतरली की ती आधी नजरेनेच शेवटचं माणूस हेरायची: लठ्ठ मुलगी, नुकतीच आजारातून उठलेली शेजारीण, घाबरून पाय थरथरणारी नवी नवरी. मग त्या माणसाच्या मागे दोन पावलं. पडायची, लिंबू सांडायची, पोत्यात गुरफटायची. इस्त्रीवाल्यांची भराभर शर्ट इस्त्री करायची शर्यत झाली तेव्हा तर तिचा ढीग सगळ्यांच्या आधी तयार होता. पण शेजारच्या टेबलावरच्या पोरीच्या डोळ्यांत पाणी बघितल्यावर तिने आपलेच शर्ट चुरगाळून पुन्हा इस्त्रीला घेतले.

पंचाईत झाली ती फक्त हळू सायकल चालवायच्या शर्यतीत. तिथे जो शेवटी पोचतो तो जिंकतो! आत्या रात्रभर विचारात पडली असावी. शिट्टी वाजताच ती बाणासारखी सुटली, सगळ्यांच्या आधी रेघ ओलांडली, तशीच फाटकातून बाहेर गेली आणि थेट घरी पोचली. "बाईंना नियमच कळला नाही," पंच हळहळले. घरात काका खो खो हसत होते. "काय गं, आज कुणाला वाचवलंस?"

काका म्हणजे आत्याचा नवरा. मी सोडलो तर आत्याच्या या व्यवहाराची अख्ख्या गावात त्यांना एकट्यालाच माहिती होती. ते रंगारी. पाचव्या-सहाव्या मजल्यावर दोराच्या झुल्यावर बसून भिंती रंगवायचे आणि वरूनच खालच्या लोकांची चौकशी करायचे. "काय हो, टक्कल वाढलं की!" हे वाक्य गावातल्या निम्म्या लोकांनी आकाशातून ऐकलेलं होतं.

आणि हा माणूस पडला. कुठून? स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून. स्टूल केवढं, तर मांजरानेही उडी मारताना विचार करू नये एवढं. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. हाड जुळलं, पण काकांचं मन काही जुळेना. डॉक्टर बजावून गेले, "चाला. नाहीतर पाय आखडेल आणि मग कायमची खुर्ची." काका पलंगापासून खिडकीपर्यंत चालायचे आणि पुन्हा पलंगावर. दिवसभर छताकडे बघून कुरकुरायचे, "त्या कोपऱ्यात दुसरा हात दिलेला नाही. कुणी रंगवलंय हे?" रंगवलेलं त्यांनीच होतं.

बाहेर पडायचं नाव नाही. कारण एकच. कुणीतरी विचारणार, "कुठून पडलात?" आणि मग सांगावं लागणार.

"खोटं सांगा ना," मी म्हटलं. "सहाव्या मजल्यावरून म्हणा."

"सहाव्यावरून पडलेला माणूस जिवंत असतो का, शहाण्या?" काका खेकसले. "आणि मी पडतो का तिथून? धंद्याची अब्रू आहे की नाही?"

अशात व्यायामशाळेने चालायची शर्यत जाहीर केली. शाळेच्या मैदानातून निघायचं, बाजाराच्या रस्त्याने वळसा घालून परत मैदानात. आत्या दोन नावं देऊन आली.

"मला विचारलंस?" काकांनी उशी भिंतीवर फेकली.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात. म्हणून वेळ वाचवला."

"अगं, वॉकर घेऊन शर्यतीत?"

"चालायचंच आहे ना? नाचायला कोण सांगतंय?"

काकांनी वॉकर जवळ ओढला. मग अगदी हळू म्हणाले, "येतो. पण एक अट. तू माझ्या मागे राहायचं नाहीस."

आत्या घडी घालत होती, ती थांबली.

"मला सगळं ठाऊक आहे तुझं. ठेच लागल्याचं सोंग करशील, चपलेचा पट्टा तोडशील. ते मला चालायचं नाही. मला कुणी काढून दिलेला नंबर नको. शेवटचा आलो तर माझा मी येईन. आणि मागे वळून बघायचंही नाही."

"आणि पडलात तर?"

"तर पडलो. स्टुलापेक्षा रस्ता बुटकाच आहे."

आत्याने होकार दिला. आयुष्यात तिने इतकी अवघड शर्यत कबूल केली नव्हती.

शर्यतीच्या सकाळी मी नाव न देताच आत्याच्या बाजूला होतो. शिट्टी झाली, घोळका निघाला. काकांच्या वॉकरची टकटक थोडा वेळ मागून ऐकू येत राहिली, मग ऐकू येईना. आत्याची मान दोरीने ताणल्यासारखी ताठ.

"तू बघ ना जरा," ती ओठ न हलवता म्हणाली.

"मलाही बजावलंय, बघायचं नाही म्हणून."

"मेला माणूस, सगळी भोकं बुजवतो! रंगारी ना!"

बाजारात शिरल्यावर न्हाव्याचं दुकान लागलं. आत्या एकदम तिथे वळली. "मागे वळू नको म्हणाले. आरशात बघू नको असं नाही म्हणाले." तिने दारातून आत डोकावलं. आरशात दिसलं एक फेसाने माखलेलं तोंड आणि त्याच्या मागे तिचं स्वतःचं घाबरलेलं. रस्ता दिसला तो हातभर, तोही रिकामा.

"काय झालं, बाई?" फेसातून आवाज आला.

"काही नाही, दाढी करा," असं म्हणून आत्या सटकली.

त्यानंतर मात्र ती जी चालली! काळजीने काही माणसांचे पाय गळतात, आत्याच्या पायांना चाकं लागली. लवकर पोचलं की लवकर तोंड फिरवून वाट बघता येईल, हा तिचा हिशेब. एकेकाला ओलांडत ती मैदानात शिरली तेव्हा पुढे कुणीच नव्हतं. माइकवरचा माणूस कागद खालीवर करून बघू लागला. त्याला वाटलं, आपण यादीच उलटी धरली. शेवटी त्याने चाचरत नाव पुकारलं आणि टाळ्यांऐवजी आधी हशा पिकला. गळ्यात पडलेल्या पदकाकडे आत्याने पाहिलंसुद्धा नाही. ती फाटकाकडे तोंड करून उभी राहिली.

माणसं आली. मग तुरळक आली. मग यायची थांबली. शेवटच्या रेघेवरची दोरी गुंडाळली गेली, मांडवातल्या खुर्च्या एकात एक अडकवल्या गेल्या. व्यायामशाळेचे मास्तर जवळ आले. "आत्याबाई, गाडी पाठवू का बघायला?"

"खबरदार!" आत्या म्हणाली. आवाज करडा होता, पण तिने माझं मनगट असं पिळून धरलं होतं की मला वाटलं, सळई आता मलाही घालावी लागणार.

"मी बघून येऊ?" मी विचारलं.

"नको." मग जरा वेळाने, "त्यांनी सांगितलंय ना."

आणि टकटक ऐकू आली. फाटकातून आधी वॉकर आला, मग काका. घामाने थबथबलेले, सदरा पाठीला चिकटलेला, एका हातात कुणीतरी दिलेलं अर्धं केळं. गुंडाळलेली दोरी मास्तरांनी घाईघाईने पुन्हा सोडली. काकांनी ती ओलांडली आणि मागे वळून सगळा रस्ता नीट बघितला.

"मागे कुणी नाही ना?"

"कुणी नाही," आत्या म्हणाली.

"म्हणजे शेवटचा मीच. पक्कं लिहा हो, मास्तर!"

"इतका वेळ कुठे होता तुम्ही?" आत्या एकदम उसळली. "इथे माझा जीव गेला!"

"अगं, हार्डवेअरवाल्याने अडवलं. कुठून पडलात म्हणाला. म्हटलं, स्टुलावरून. इतका हसला, इतका हसला की डब्यावरून तोच पडता पडता वाचला. मग खुर्ची दिली बसायला. तिथून पुढे सायकलवाला, तो म्हणाला मी गादीवरून पडलोय, हात मोडला होता. टपालवाला तर म्हणे जेवता जेवता पाटावरून पडला! माझं स्टूल त्यांच्यात चांगलं उंच निघालं गं." काकांनी केळं तोंडात टाकलं. "पुढच्या दुकानात मी ते जरा आणखी उंच केलं."

आत्या हसत होती आणि पदराने घाम पुसत होती. काकांचा की स्वतःचा, मला कळलं नाही. मास्तरांची गाडी काकांनी नाकारली. आम्ही तिघं बाजाराच्याच रस्त्याने घरी निघालो, वॉकरच्या चालीने. शिंप्याच्या दुकानाशी काका थांबले.

"तू हो पुढे. याला मघाशी अर्धंच सांगून आलोय, मांजराचं राहिलंय."

"कसलं मांजर?" मी विचारलं. "मांजर नव्हतंच!"

"आता आहे," काका म्हणाले आणि दुकानाच्या पायरीवर वॉकर टेकवला. शिंप्याने मशीन थांबवलं.

आत्या क्षणभर घुटमळली. मग सरळ चालू लागली.

"हे काही लवकर येत नाहीत," ती मला म्हणाली. "चल, आपण जेवून घेऊ."